बफेलोत चांगले विंग्ज शोधायचे कसे?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत असा: पुण्याहून नोकरीसाठी ॲमहर्स्टला, म्हणजे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या उपनगरात, येऊन काही महिने झालेत. इथे जो भेटतो तो विंग्जबद्दल, म्हणजे कोंबडीच्या तळलेल्या पंखांबद्दल, भरभरून बोलतो. तुम्ही एका चेनमध्ये खाल्ले, ते गोडसर आणि चिकट होते. एका नावाजलेल्या ठिकाणी शनिवारी रात्री रांग लावून खाल्ले, तर वरून मऊ आणि आतून कोरडे. घरी मागवले ते डबा उघडेपर्यंत लिबलिबीत. उन्हाळ्यात आईबाबा येणार आहेत, त्याआधी तुम्हाला चार-पाच खात्रीची नावं हवी आहेत.

नावं देते. पण नुसत्या नावांनी तुमचं काम होणार नाही. मी बफेलोच्या आसपासच्या टॅव्हर्नमध्ये, म्हणजे वस्तीतल्या जेवण देणाऱ्या बारमध्ये, आधी फ्रायरवर (तळणीच्या यंत्रावर) आणि नंतर किचन मॅनेजर म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे. एकाच किचनमधून, एकाच कुकच्या हातून, एकाच खोक्यातल्या चिकनचे विंग्ज बुधवारी संध्याकाळी सहाला अप्रतिम आणि शनिवारी रात्री नऊला सुमार निघताना मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून ‘कुठे’ या प्रश्नाला ‘कधी’ आणि ‘कसे तळलेले’ हे दोन प्रश्न जोडावेच लागतात. तुम्ही शनिवारी गेलात ते ठिकाण वाईटच असेल असं नाही. एकदा वेगळ्या वेळी जाऊन बघा आणि मगच त्यावर काट मारा.

आधी पदार्थ बघू. कोंबडीच्या पंखाचे तीन भाग असतात. खांद्याकडचा मांसल तुकडा म्हणजे ड्रम, मधला दोन हाडांचा म्हणजे फ्लॅट, आणि टोक, जे बहुतेक किचनमध्ये काढून टाकतात किंवा स्टॉकला वापरतात. बफेलोच्या पद्धतीत याला पीठ नाही, बॅटर नाही, मुरवणं नाही. कातडीसकट कच्चा तुकडा तेलात जातो, तळून निघतो, स्टीलच्या मोठ्या भांड्यात गरम सॉसमध्ये घोळवला जातो आणि सेलरीचे दांडे व ब्लू चीजच्या डिपबरोबर समोर येतो. इथे याला कुणी ‘बफेलो विंग्ज’ म्हणत नाही, नुसतं ‘विंग्ज’ म्हणतात. १० तुकडे म्हणजे सिंगल, २० म्हणजे डबल.

ही पद्धत बारच्या किचनमधूनच आली आहे. १९६४ साली मेन स्ट्रीटवरच्या अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी विंग्ज तळून सॉसमध्ये घोळवून दिले, असं सांगतात. मुलाचे मित्र रात्री उशिरा भुकेले आले म्हणून, की चुकून पंखांचं खोकं येऊन पडलं म्हणून, यावर त्या घरातूनच वेगवेगळ्या कथा आल्या आहेत. त्याच दशकात जेफरसन अव्हेन्यूवर जॉन यंग हे कृष्णवर्णीय व्यावसायिक आपल्या ‘विंग्ज ’न थिंग्ज’मध्ये अख्खा पंख पिठात घोळवून, तळून, आंबटगोड माम्बो सॉस लावून विकत होते. शहराच्या गोष्टीत त्यांचं नाव बराच काळ मागे राहिलं, ते राहायला नको होतं. १९७७ साली शहराने २९ जुलै हा चिकन विंग दिवस म्हणून जाहीर केला, तोवर हा पदार्थ कोपऱ्याकोपऱ्यावरच्या टॅव्हर्नमध्ये पोचला होता.

हे सांगायचं कारण असं, की अँकर बारच्या पद्धतीत लपायला जागाच नाही. आपल्याकडे चिकन दह्यात, आल्यालसणात, मसाल्यात मुरतं. तळणी थोडी चुकली तरी मसाला सांभाळून घेतो. इथे मांसाला आधी काहीच लागलेलं नसतं. आणि सॉसही जवळपास सगळीकडे एकाच घराण्यातला: फ्रँक्स रेडहॉट किंवा तशाच जातीचा, म्हणजे मुरवलेली केयेन मिरची, व्हिनेगर, मीठ, लसणाची पूड, आणि त्यात वितळवलेलं बटर किंवा मार्गरीन. प्रत्येक ठिकाण त्यात आपलं काहीतरी घालतं, कुणी जास्त लसूण, कुणी थोडी ब्राउन शुगर. तो फरक खरा आहे, पण छोटा आहे. मोठा फरक तळणीत पडतो. म्हणून माझं म्हणणं असं, की विंग्ज शोधायला निघालात तर फ्रायर शोधा.

वडापावची गाडी निवडताना आपण काय बघतो? घाणा सतत चालू आहे का, आणि वडा परातीत किती वेळ पडून आहे. इथेही तेच बघायचं आहे, फक्त कढई भिंतीमागे आहे, त्यामुळे खुणा वाचाव्या लागतात.

भिंतीमागे काय चालतं ते सांगते. तेल साधारण ३५० ते ३७५ फॅरनहाइट, म्हणजे १७५ ते १९० सेल्सिअस असतं. कच्चे, थंड विंग्ज टाकले की ते तापमान एकदम खाली येतं. तळणीच्या जाळीत, म्हणजे बास्केटमध्ये, एकच ऑर्डर असेल तर तेल लवकर सावरतं. तिथेच तीन ऑर्डरी कोंबल्या तर ते खालीच रेंगाळतं आणि विंग्ज तळले जाण्याऐवजी तेलात शिजत राहतात. कातडीतलं पाणी उडून जायला आणि तिच्याखालची चरबी वितळून बाहेर यायला ठरावीक उष्णता आणि ठरावीक वेळ लागतोच. मध्यम आकाराच्या विंग्जना १२ मिनिटांच्या आसपास, मोठ्यांना १४ किंवा त्याहून थोडी जास्त. चिकन खायला सुरक्षित होतं ७४ सेल्सिअसला. पण पंखात स्नायूंना जोडणारे चिवट पडदे भरपूर, ते विरघळून मांस हाडावरून सुटायला लागतं ते ८५च्या पुढे. आठ-नऊ मिनिटांत काढलेला विंग सुरक्षित असतो, तरी तो दातांना रबरासारखा लागतो आणि कातडीखाली पांढरी चरबी तशीच राहते. शनिवारी रात्री ऑर्डरींच्या चिठ्ठ्यांची माळ लागलेली असताना कुकच्या हातून नेमकी ही शेवटची तीन-चार मिनिटंच कापली जातात.

दुसरी वाट म्हणजे आधीच अर्धवट तळून ठेवणं. गर्दीची किचन्स दुपारी विंग्ज अर्धे तळतात, फ्रिजमध्ये ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तळतात. याला मी सरसकट नावं ठेवणार नाही. दोनदा तळल्याने कातडी उलट जास्त कुरकुरीत होते, आणि त्याच दिवशी तळलेले असतील तर मांसही ठीक राहतं. घोटाळा होतो ते कालचे उरलेले आज वापरले की, किंवा पूर्ण तळून गरम दिव्याखाली ठेवले की. तुमचे ‘वरून मऊ, आतून कोरडे’ विंग्ज मला याच प्रकारातले वाटतात: आधी पूर्ण झालेले, थांबलेले, सॉस लावून पाठवलेले.

तेव्हा पहिली खूण घड्याळात आहे. ऑर्डर दिल्यापासून पाच-सहा मिनिटांत विंग्ज आले तर ते कच्च्यापासून तळलेले नाहीत, हे नक्की. शांत संध्याकाळी १८ ते २० मिनिटं लागली तर खूश व्हा. मी नव्या ठिकाणी गेले की बारवर बसते आणि ऑर्डर देतानाच सहज विचारते, ‘‘किती वेळ लागेल?’’ ‘‘वीस मिनिटं, आम्ही ऑर्डरप्रमाणे टाकतो,’’ असं उत्तर आलं तर बसून राहते. शिवाय विचारते की चिकन फ्रेश येतं की फ्रोझन, आणि विंग्जसाठी वेगळा फ्रायर आहे का. बारटेंडरला उत्तर ठाऊक असेल तर त्या जागेत विंग्जला मान आहे असं समजायला हरकत नाही. ‘‘विंग्ज चांगले आहेत का?’’ असं मात्र विचारू नका. त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर नसतं.

वेगळ्या फ्रायरला मी इतकं महत्त्व देते त्याचं कारण तेल. अगदी कोऱ्या तेलात विंग्ज फिके राहतात, थोडं वापरलेलं तेल रंग छान आणतं, आणि फार वापरलेलं तेल फेसाळतं, काळवंडतं, कडवट चव देतं. ज्या तेलात मासे, मोझरेला स्टिक्स, कांद्याच्या रिंगा असं पिठाचं काही तळलं जातं ते फार लवकर बिघडतं, कारण पिठाचे कण तळाशी जाऊन करपतात. विंग्जवर बारीक काळे ठिपके दिसले तर ते मिरीचे आहेत असं समजू नका. शेजारच्या टेबलावरचे फ्राईज बघा. तेही गडद, तेलकट आणि शिळ्या वासाचे असतील तर विंग्ज न मागवता दुसरं काही खाऊन निघा.

आता वार. इथे शुक्रवार म्हणजे फिश फ्राय. पश्चिम न्यूयॉर्कमधल्या टॅव्हर्नमध्ये शुक्रवारी बिअर घातलेल्या पिठातला हॅडॉक मासा तळला जातो, आणि ईस्टरआधीच्या लेंटच्या आठवड्यांत तर जवळजवळ सगळा फ्रायर माशालाच दिलेला असतो. ज्या छोट्या किचनमध्ये दोनच फ्रायर आहेत, तिथे शुक्रवारी रात्री तुमच्या विंग्जना माशाच्या पिठाचं तेल आणि कुकचं उरलेलं लक्ष मिळणार. रविवारी बिल्सची, म्हणजे बफेलोच्या अमेरिकन फुटबॉल संघाची, मॅच. दुपारी एकला सामना असेल तर साडेअकरापासूनच पार्सलच्या ऑर्डरींचा ढीग लागतो. आणि फेब्रुवारीतल्या सुपर बोलच्या, म्हणजे त्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रविवारी तर कुठल्याच ठिकाणाची पारख करू नका. त्या दिवशी प्रत्येक किचन नुसता आकडा पूर्ण करत असतं. शनिवारची रात्र तुम्ही अनुभवली आहेच.

म्हणजे उरले सोमवार ते गुरुवार. सोमवारी काही छोट्या टॅव्हर्नची किचन बंद असतात. तुमच्या घरी वार पाळत असतील तर मंगळवार आणि गुरुवार गेले. आपल्याकडचे सामिष खाण्याचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार, आणि त्यातले शुक्रवार-रविवार इथे वर सांगितलेल्या कारणांनी बाद. म्हणून बुधवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा. दुपारच्या फेरीनंतर तेल गाळलेलं किंवा बदललेलं असतं, कुक ताजातवाना असतो, ऑर्डरी येत असतात पण तुंबलेल्या नसतात. अगदी रिकाम्या दुपारीही जाऊ नये. तेव्हा काही किचन्स फ्रायर मंद आचेवर ठेवतात आणि तेल पुरतं तापायच्या आत तुमची बास्केट त्यात पडते.

‘विंग नाइट’चे स्वस्त दर जाहीर करतात, त्या रात्रींबद्दल लोक मला नेहमी विचारतात. इथे मात्र जागेवर अवलंबून आहे. ज्यांच्याकडे फ्रायर पुरेसे आहेत तिथे त्या रात्री माल सतत फिरतो, काही थांबत नाही, आणि विंग्ज उत्तम मिळतात. दोन फ्रायरवर शंभर माणसं जेवायला घालणाऱ्या जागेत त्याच रात्री सगळ्यात वाईट मिळतात. खोली किती मोठी आहे आणि ताटल्या किती वेळाने बाहेर येताहेत, हे दारात उभं राहून दोन मिनिटं बघितलं तरी अंदाज येतो.

विंग्ज समोर आले की काय बघायचं? आधी आकार. नेटवरच्या परीक्षणांत ‘केवढे मोठे विंग्ज!’ असं कौतुक असतं, त्यावर जाऊ नका. जंबो म्हणजे पौंडात सहा ते आठ तुकडे, मध्यम म्हणजे दहा-बारा. जंबोत मांस जास्त, पण कातडीचं प्रमाण कमी, हाडाजवळ शिजायला वेळ जास्त, आणि घाई झाली की पहिली फजिती त्यांचीच. मी मध्यम आकार निवडते. मग रंग: सॉसच्या खालून कातडी गडद सोनेरी दिसली पाहिजे, आणि ड्रमच्या हाडाच्या टोकाकडून मांस थोडं वर सरकलेलं असलं पाहिजे. ते सरकलं म्हणजे वेळ पूर्ण मिळाला. मग आवाज आणि दात: सॉस लावलेला असूनही पहिल्या चाव्याला कातडी किंचित मोडली पाहिजे. फ्लॅटची दोन हाडं हलकेच फिरवून ओढली तर मांसातून सुटून यायला हवीत. खाऊन झाल्यावर हाडांकडे बघा. मांसाशी लागलेलं हाड काळपट-जांभळं असेल तर चिकन बहुधा फ्रोझन होतं. कोवळ्या कोंबडीचं हाड सच्छिद्र असतं, गोठून वितळताना मज्जेतला रंग बाहेर झिरपतो. त्यात अपाय काही नाही, पण मांसातला रसही थोडा निघून गेलेला असतो.

सॉसची परीक्षा ताटाच्या तळाशी होते. नारिंगी सॉस थोडा साचणं योग्यच आहे, त्यात सेलरी बुडवायची असते. पण वर तुपासारखा तवंग आणि खाली पाण्यासारखं व्हिनेगर असं वेगवेगळं दिसलं, तर सॉस जास्त तापून फाटला आहे. चांगला सॉस एकजीव असतो आणि कातडीला धरून राहतो.

तिखटाबद्दल दोन शब्द, कारण आपली माणसं इथे हमखास चुकतात. इथलं तिखट मसाल्याचं नाही. ते आंबट, खारट आणि सरळ नाकात जाणारं आहे. माइल्ड, मीडियम, हॉट या पायऱ्या मुख्यतः बटर आणि मिरचीच्या सॉसच्या प्रमाणावर ठरतात. वर गेलं की बटर कमी, मिरची आणि व्हिनेगर जास्त, आणि त्याही वर निव्वळ जास्तीची मिरचीपूड. शेरिडन ड्राइव्हवरच्या डफ्समध्ये तर लिहूनच ठेवलं आहे की त्यांचा मीडियम म्हणजेच हॉट. आपण कोल्हापुरी रस्सा पचवतो म्हणून सगळ्यात जहाल प्रकार मागवला, तर तळणी चांगली की वाईट हे जिभेला कळणारच नाही. नव्या जागेत पहिल्यांदा मीडियमच मागवा. आणि ब्लू चीज टाळू नका. वास पहिल्यांदा उग्र वाटतो, मान्य. पण त्याचा थंडपणा, स्निग्धपणा आणि खारटपणा व्हिनेगरला जसा सावरतो तसा रँच हा दुसरा पांढरा डिप सावरत नाही. विंग अर्धा बुडवून खाऊन बघा. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला मत बदललं नाही तर सोडून द्या.

‘बोनलेस विंग्ज’ या प्रकारावर वेळ घालवू नका. ते छातीच्या मांसाचे पीठ लावून तळलेले तुकडे असतात. त्यांना हाड नाही, पंखाची कातडी नाही, म्हणजे आपण ज्या गोष्टीच्या शोधात आहोत ती मुळातच नाही. तुमचे चेनमधले गोडसर, चिकट तुकडे पिठाचे होते का ते आठवून बघा. पीठ सॉस शोषून घेतं आणि पाच मिनिटांत लगदा होतं.

आता नावं. माझ्या पद्धतीने, प्रत्येक जागेत काय बघायचं यासकट.

अँकर बारला एकदा जाच. मूळ जागा आहे, जुना बार आहे, भिंती बघण्यासारख्या आहेत. पर्यटकांची गर्दी असते, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि जेवणाच्या ऐन वेळा टाळून जा.

डफ्स तुमच्या ॲमहर्स्टमध्येच आहे. १९६९ पासून विंग्ज करताहेत. इथे सॉस भरपूर असतो, विंग्ज त्यात जवळजवळ पोहतात. ही त्यांची शैली आहे, तिला दोष समजू नका. पण म्हणूनच ताट आल्या आल्या खायला लागा, आधी फोटो काढत बसू नका.

ईस्ट ऑरोरामधली बार-बिल टॅव्हर्न गाडीने अर्ध्या तासाहून थोडी लांब पडेल, पण माझ्या मते सगळ्यात आधी जाण्याजोगी. ते विंग्ज भांड्यात न घोळवता ब्रशने सॉस लावतात. त्यामुळे सॉस सगळीकडे पातळ आणि सारखा बसतो आणि कातडी ओली होत नाही. तळणी म्हणजे काय हे ज्याला कळून घ्यायचं आहे त्याने इथून सुरुवात करावी. तिथे बीफ ऑन वेक नावाचं गोमांसाचं सँडविचही प्रसिद्ध आहे, खात नसाल तर मेन्यूत ओळखू यावं म्हणून सांगितलं.

ॲलन स्ट्रीटवरचं गॅब्रिएल्स गेट हे जुन्या घरासारखं, शांत बसून बोलायला बरं. साउथ बफेलोमधली नाइन-इलेव्हन टॅव्हर्न अगदी छोटी, साधी, वस्तीतली जागा. तिथे घाईत जाऊ नका. थांबावं लागतं आणि ते थांबणं चांगल्या कारणासाठी असतं. तुमच्या भागात, गेट्झव्हिलच्या बाजूला, एल्मोज आहे. तिथे विंग्जना एकावर एक दोन सॉस देण्याची पद्धत आहे. मी नव्या माणसाला आधी साधा मीडियम खाऊन मगच तिकडे वळायला सांगते.

याखेरीज इथल्या पर्यटन मंडळाने २०१८ मध्ये ‘बफेलो विंग ट्रेल’ नावाने टॅव्हर्नची यादी काढली आहे. यादी चांगली आहे, पण तुमच्या घराजवळची कोपऱ्यावरची पिझ्झाची दुकानंही सोडू नका. बफेलोत पिझ्झा आणि विंग्ज एकत्रच मागवतात, त्यामुळे अशा दुकानांत फ्रायर दिवसभर चालू असतो आणि माल पडून राहत नाही. तिथे काउंटरवर उभं राहून गरम खाल्लेले सिंगल विंग्ज कित्येकदा नावाजलेल्या जागेला मागे टाकतात.

पार्सलचं दुःख तुम्ही लिहिलंच आहे. बंद डब्यात वाफ कोंडते आणि ती वाफच कातडी भिजवते, त्यात किचनचा दोष थोडा आणि डब्याचा जास्त. फोनवर सांगतानाच ‘एक्स्ट्रा क्रिस्पी’ म्हणा, म्हणजे दोन मिनिटं जास्त तळतील. स्वतः जाऊन आणा, गाडीत डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवा. अंतर दहा मिनिटांपेक्षा जास्त असेल तर सॉस वेगळा मागा, घरी विंग्ज २०० सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये जाळीवर सात-आठ मिनिटं ठेवा, सॉस बटरसकट मंद गरम करा आणि मोठ्या भांड्यात घोळवा. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कातडी चामड्यासारखी होते.

आईबाबांसाठी एक गोष्ट आधी विचारून घ्या. काही जुन्या टॅव्हर्नमध्ये अजून गाईच्या चरबीत, म्हणजे बीफ टॅलोमध्ये, किंवा डुकराच्या चरबीत तळतात. चवीला ते उत्तम लागतं, त्यामुळे काही जागा अभिमानाने सांगतात, पण तुमच्या घरी चालणार नसेल तर टेबलावर बसण्याआधीच विचारा. दोघांपैकी कुणी शाकाहारी असेल तर मेन्यूवरच्या फ्लॉवरच्या ‘विंग्ज’ना आणि फ्राईजनाही हाच प्रश्न लावा, कारण ते बहुधा चिकनच्याच तेलात जातात. वेगळा फ्रायर नसेल तर त्यांच्यासाठी साधा चीज पिझ्झा सुरक्षित.

पहिल्या खेपेला बुधवारी सव्वापाचला, शक्यतो बारजवळच्या टेबलावर बसा. एक सिंगल मीडियम एक्स्ट्रा क्रिस्पी आणि एक सिंगल माइल्ड मागवा, दोन्हींसोबत ब्लू चीज. आईबाबा दारू घेत नसतील तर लोगनबेरी मागवा. ते गोड, जांभळट-लाल सरबत सीमेपलीकडच्या, कॅनडातल्या क्रिस्टल बीचच्या जुन्या करमणूक बागेतून इकडे आलं आणि इथेच राहिलं, तिखटावर फार छान लागतं. बाबांना आधी फ्लॅट द्या, त्यात कातडी जास्त असते आणि तळणीचा अंदाज तिथेच येतो. आणखी ताट हवंसं वाटलं तर ते ही दोन संपल्यावरच सांगा, सगळं एकदम मागवू नका, नाहीतर शेवटचे पाच तुकडे गार होतील.